सत्तांतराच्या काळातील रक्तपात : हैदराबाद संस्थानातील राज्यहिंसेचा आढावा

क्रांतीच्या काळात राज्यसंस्था आपल्याच प्रजेचे रक्त का सांडते, कोणत्या अधिकाराने सांडते आणि सांडल्यानंतर त्याचा जाब कोणाला देते, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा पॅरिस आणि मॉस्को या दोन नगरांच्या संदर्भात होत आली आहे. परंतु बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा असे दोन रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या तेलगावात राहून या प्रश्नाचा विचार करणाऱ्यास इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत आसफजाही राजवटीचा होता. येथील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘रझाकारीच्या काळात’ आणि ‘पोलीस ॲक्शन झाली तेव्हा’ अशा दोन कालगणना अजूनही आढळतात, आणि त्या दोन्ही रक्ताने लिहिल्या गेल्या आहेत. त्यांपैकी पहिलीचे स्मरण आपण दर वर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून जागवतो. दुसरीविषयी मात्र आपण सहसा बोलत नाही. या दोहोंचा एकत्र विचार केल्यावाचून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे मोल नीट कळणार नाही, आणि क्रांतीतील राज्यहिंसेचे स्वरूपही उमगणार नाही, अशी माझी धारणा आहे.

राज्यहिंसा म्हटली की डोळ्यांपुढे वधस्तंभ येतो. फ्रान्समध्ये १७९३-९४ या काळात क्रांतिकारी न्यायासनांनी शिक्षा ठोठावून सुमारे १७ हजार माणसे मारली, आणि त्यांतील बहुतेकांची नावे दप्तरात नोंदलेली असल्यामुळे अभ्यासकांना त्यांची गणती करता आली. परंतु त्याच फ्रान्समध्ये वांदे प्रांतातील बंडाळी मोडताना जी माणसे कोणत्याही न्यायाधीशापुढे उभी न राहता मारली गेली, त्यांची संख्या याहून कितीतरी मोठी होती. आणि त्याआधी, सप्टेंबर १७९२ मध्ये, परचक्र पॅरिसच्या रोखाने येत असता जमावांनी तुरुंगांत शिरून हजाराहून अधिक कैदी कापून काढले, तेव्हा नगराचे अधिकारी बाजूस उभे राहून पाहत होते. रशियात डिसेंबर १९१७ मध्ये स्थापन झालेल्या चेका या यंत्रणेने पुढील वर्षी लाल दहशतीचा जाहीर हुकूम निघाल्यावर खटल्यावाचून गोळ्या घातल्या. या उदाहरणांतून एक गोष्ट दिसते, ती अशी की क्रांतीतील सर्वांत मोठा संहार न्यायासनाच्या आज्ञेने क्वचितच होतो. तो होतो जुनी सत्ता मोडून नवी सत्ता उभी राहण्याच्या संधिकाळात, जेव्हा राज्य स्वतः मारते, मारणाऱ्यास शस्त्र देते, किंवा मारणाऱ्याकडे पाठ फिरवते. या तिन्ही प्रकारांचे दायित्व राज्याचेच आहे. हैदराबादच्या इतिहासात हे तिन्ही प्रकार एका वर्षाच्या आत, एकाच भूमीवर घडले.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली मसनदीवर आले. सोळा जिल्ह्यांच्या त्यांच्या संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी सुमारे पावणेदोन कोटी प्रजा राहत होती. तिच्यापैकी बहुसंख्य हिंदू असली तरी दरबार, फौज आणि वरिष्ठ मुलकी नोकऱ्या यांत मुसलमान उमरावांचे आणि अधिकाऱ्यांचे प्राबल्य होते. मात्र या राजवटीला केवळ धर्माची राजवट समजणे अपुरे ठरेल, कारण गावपातळीवर तिचा कणा देशमुख, देशपांडे, जहागीरदार आणि पाटील यांचा होता, आणि त्यांत हिंदू वतनदारांची संख्या मोठी होती. प्रजेला सभा घ्यावयाची तर ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकानुसार आधी परवानगी मिळवावी लागे. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदीचा हुकूम निघाला आणि ती बंदी १९४६ पर्यंत टिकली. १९३८ च्याच सत्याग्रहात ज्यांनी तुरुंग पत्करला त्या स्वामी रामानंद तीर्थांची कर्मभूमी आधी हिप्परगा आणि नंतर आमचे अंबाजोगाई, म्हणजे त्या वेळच्या सरकारी कागदांतील मोमिनाबाद, ही होती. तेथील योगेश्वरी शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी पुढे या लढ्यास मनुष्यबळ पुरवले.

जून १९४७ मध्ये निजामांनी आपण कोणत्याही घटनासमितीत सामील होणार नसल्याचे फर्मान काढले, ऑगस्टच्या आरंभी स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याची चळवळ सुरू केली, आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी जैसे थे करार झाला. या कराराच्या आडोशाने गेलेल्या नऊ-दहा महिन्यांत संस्थानच्या राज्यहिंसेला तिचे खरे रूप प्राप्त झाले. १९२७ साली स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रे बहादूर यार जंग यांच्या मृत्यूनंतर काही काळाने लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती गेली, आणि त्याने वाढवलेल्या रझाकार दलाची संख्या लाखांच्या घरात सांगितली जाऊ लागली. पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळास या दलावर अंकुश ठेवता आला नाही, आणि ठेवण्याची इच्छाही दिसली नाही. पोलिसांचा अमीन आणि गणवेशधारी रझाकार एकाच मोटारीतून गावात उतरू लागले म्हणजे फिर्याद कोणाकडे करावयाची, हा प्रश्न रयतेला पडत असे. कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच साथीदारापुढे ती नोंदवावी लागे.

येथे राज्यहिंसेच्या अभ्यासकाने थांबून एक गोष्ट पाहावी. निजामी राज्यास स्वतःची न्यायालये होती, कायदे होते, फाशीची शिक्षाही होती. तरी राजकीय विरोधकांच्या बाबतीत फाशीचा वापर त्याने फारसा केला नाही. आर्य समाजाचे कार्यकर्ते नारायणराव पवार यांनी ४ डिसेंबर १९४७ रोजी निजामांच्या मोटारीवर बाँब टाकला, त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला, परंतु तो अमलात आला नाही आणि पुढे ते सुटले. म्हणजे प्रत्यक्ष राजाच्या जिवावर उठलेला माणूस वाचला, आणि ज्यांनी कोणावरही हात उगारला नव्हता असे शेकडो शेतकरी आपापल्या गावकुसाच्या आत मारले गेले. बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी मे १९४८ मध्ये रझाकारांनी कत्तल केली. तेलंगणातील बैरानपल्ली येथे २७ ऑगस्ट १९४८ रोजी रझाकार आणि निजामाचे पोलीस यांनी मिळून नव्वदीच्या आसपास गावकरी मारले, त्यांतील अनेकांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या. ‘इमरोज’ पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पक्ष मांडला, म्हणून त्याच ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात त्यांचा खून झाला आणि लिहिणारा हात तोडण्यात आला. ही नावे मी मुद्दाम एकत्र घेतो आहे, कारण रझाकारी हिंसेचे बळी केवळ एका धर्माचे होते ही समजूत शोएबुल्लांच्या एका मृत्यूनेच खोटी पडते. राज्याने येथे फाशीचा दोर हाती न धरता शस्त्र खासगी दलाच्या हाती दिले, आणि त्यामुळे कोणत्याही मृत्यूच्या हुकमावर सरकारी शिक्का उमटला नाही. दायित्व टाळण्याची ही युक्ती होती, आणि ती पुढील काळाने दुर्दैवाने आत्मसात केली.

प्रतिकाराचीही शस्त्रे होती, हे सांगणे सत्यनिष्ठेस धरून आहे. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ प्रभृतींच्या कृती समितीच्या मार्गदर्शनाखाली बार्शी, मनमाड, उमरखेड अशा भारतीय हद्दीतील ठिकाणी सशस्त्र केंद्रे उभी राहिली; तेथून नाकी जाळली गेली, पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले, गावे मुक्त करण्यात आली. नांदेड भागातील उमरी येथील बँक लुटून चळवळीसाठी द्रव्य उभे केले गेले, ही कथा मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. हद्दीला लागून असलेल्या गावांतील कुटुंबे बैलगाड्या जोडून नगर, सोलापूर किंवा वऱ्हाडात जात. तेलगावसारख्या आतल्या भागातील गावांना तीही सोय नव्हती. ज्या प्रजेला न्याय मागण्याची सारी दारे बंद झाली होती तिने शस्त्र हाती घेतले, याला मी दोष देऊ शकत नाही. परंतु शस्त्र एकदा गावात आले की ते केवळ ठाण्यावर चालते असे नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या घरावरही ते चालते, आणि तो संशय पुष्कळदा धर्मावरून ठरतो. पुढील अनर्थाचे बीज येथे पडले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी ‘पोलीस ॲक्शन’ सुरू झाली, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या सेना सोलापूरकडून संस्थानात शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला, आणि पाच दिवसांत निजामी फौजेचे सेनापती एल इद्रूस यांनी शरणागती पत्करली. प्रत्यक्ष लढाईत पडलेले निजामी सैनिक आणि रझाकार यांची संख्या अधिकृत हिशेबाने दोन हजारांहून थोडी अधिक होती. युद्ध म्हणून पाहिले तर ते अल्प काळाचे आणि अल्प हानीचे होते. कोट्यवधी प्रजा दहशतीतून मुक्त झाली, आणि त्या मुक्तीचा आनंद खरा होता, न्याय्य होता. आमच्या भागातील वडीलधाऱ्यांनी त्या दिवसांचे जे वर्णन ऐकवले त्यात गुलाल आहे, तोरणे आहेत, मोकळेपणी घेतलेला श्वास आहे. यातील एका अक्षरावरही मला पाणी सोडावयाचे नाही.

तथापि लढाई संपली त्या दिवशी संहार संपला नाही. शरणागतीनंतरच्या काही आठवड्यांत मराठवाडा आणि त्याला लागून असलेल्या कानडी मुलखात मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले, दुकाने लुटली गेली, मशिदींचा विध्वंस झाला, स्त्रियांची विटंबना झाली, सक्तीची धर्मांतरे झाली आणि पुरुष मोठ्या संख्येने मारले गेले. या बातम्या दिल्लीस पोहोचल्यावर पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे सद्भावना मंडळ नोव्हेंबरच्या अखेरीस हैदराबादेत आले आणि सुमारे तीन आठवडे फिरले. सोळांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले, आणि जेथे जाता आले नाही अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांच्या तोंडून हकिगती ऐकल्या. त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले. त्यांतच मृतांचा आकडा अहवाल १८ हजारांच्या आसपास ठेवतो. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान पाच हजार माणसे मारली गेली, असे तो सांगतो. म्हणजे आमचा जिल्हा या यादीच्या बाहेर नाही.

लातूरविषयी अहवालात जे आहे ते वाचताना रझवीच्या वकिलीचे ते गाव होते हे ध्यानात ठेवावे. तेथे कत्तल वीस दिवसांहून अधिक काळ चालली. दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमान वस्तीपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार माणसे आढळली, हजाराहून अधिक मारली गेली होती आणि उरलेली जीव घेऊन पळाली होती. वीस दिवस हा अवधी फार बोलका आहे. क्षणिक क्षोभाचा भडका एखाद्या रात्रीत भडकतो आणि विझतो. वीस दिवस चालणाऱ्या संहारास कोणीतरी रोखले नाही असाच त्याचा अर्थ होतो, आणि त्या वेळी रोखण्याची शक्ती ज्याच्याजवळ होती तो एकच घटक तेथे उपस्थित होता, तो म्हणजे लष्करी अंमल. अहवालास जोडलेल्या गोपनीय टिपणात मंडळाने पाहिलेल्या विहिरींचा उल्लेख आहे. अशा एका विहिरीत त्यांनी अकरा प्रेते मोजली. त्यांत एका स्त्रीचे प्रेत होते, आणि तिच्या छातीशी तान्हे मूल होते. त्या मुलाने कोणत्या रझाकार तुकडीत नाव नोंदवले होते, हे विचारण्याचे धैर्य मला होत नाही.

अहवालाची साक्ष एकपदरी नाही, आणि म्हणूनच ती विश्वसनीय वाटते. अनेक ठिकाणी सैनिकांनी आणि पोलिसांनी लुटीस उत्तेजन दिले, काही ठिकाणी मुसलमान पुरुषांना गावाबाहेर आणून ठार मारले, असे तो म्हणतो. ही सामूहिक हत्याच होय. तिच्यामागे खटला नव्हता, आरोप नव्हता, शिक्षेचा कागदही नव्हता. त्याच वेळी ज्या लष्करी अधिकाऱ्यांनी लोकांचे रक्षण केले त्यांचाही उल्लेख तो आदराने करतो. आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची, विशेषतः आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या हिंदू विणकरांची, तो नोंद घेतो. ज्या अहवालाने आपल्याच समाजातील सज्जनांची अशी कदर केली, तो आपणास बदनाम करणारा म्हणून दडपून ठेवणे योग्य नव्हते. तरीही तेच घडले. सरदार पटेलांनी सरकारने असे मंडळ धाडलेच नव्हते अशी भूमिका घेतली, रझाकारांच्या अत्याचारांकडे मंडळाने दुर्लक्ष केल्याचा आक्षेप नोंदवला, आणि अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. १९८० नंतर त्याचे काही अंश परदेशात छापले गेले. संपूर्ण मजकूर सामान्य वाचकाच्या हाती पडला तो २०१३ साली, ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथाद्वारे.

संहाराची कारणे शोधताना सूड हे एकच कारण पुढे केले जाते. सूड होता, यात संशय नाही. वर्षभर जे सोसले त्याचा दाह होता. पण सूड अपराध्यास शोधतो, आणि येथे मेलेले बहुसंख्य लोक गावातच थांबलेले, पळण्याचे कारण न वाटलेले, म्हणजे बहुधा निरपराध होते. पुष्कळ खरे अपराधी तर आधीच शहराकडे निसटले होते. दुसरे कारण लोभाचे होते, कारण मोकळे पडलेले घर, जमीन आणि दुकान यांवर ताबा बसवणारे हात गावोगाव होते. तिसरे कारण हद्दीपलीकडून आलेल्या सशस्त्र जातीयवादी टोळ्यांचे होते. चौथे आणि माझ्या मते निर्णायक कारण असे की जुनी ठाणी रिकामी झाली होती आणि नवी ठाणी ज्यांच्या हाती आली त्यांना एका समाजाचे रक्षण हे आपले कर्तव्य आहे असे त्या काही आठवड्यांत वाटले नाही. राज्य जागेवर होते, पण तेही निवड करून उपस्थित होते.

याच काळातील तेलंगणाचे चित्र या सूत्रास पुष्टी देते. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी येथे दोड्डी कोमरय्या मारला गेला तेव्हापासून शेतकऱ्यांचा जमीनदारांविरुद्धचा उठाव चालू होता. कम्युनिस्ट दलांनीही जमीनदारांचे आणि खबऱ्यांचे बळी घेतले. सप्टेंबर १९४८ नंतर भारतीय सैन्य या उठावाकडे वळले, आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेतला जाईपर्यंत चार हजारांच्या आसपास कार्यकर्ते व शेतकरी मारले गेले, असा पी. सुंदरय्या यांचा हिशेब आहे. विशेष न्यायाधिकरणांनी काही शेतकऱ्यांना फाशीची शिक्षा दिली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, इंग्लंडहून डी. एन. प्रिट हे बॅरिस्टर त्यांची बाजू मांडण्यास आले, देशात-परदेशात आवाज उठला आणि अखेर त्या शिक्षा सौम्य झाल्या. ज्यांच्यासाठी कागद झाला ते वाचले. रानात, ओढ्याकाठी ज्यांना कागदावाचून गोळी लागली त्यांच्यासाठी कोणताही बॅरिस्टर आला नाही. खुद्द कासीम रझवीला खटला, वकील आणि सात वर्षांची सजा मिळाली, १९५७ साली तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. लातूरच्या ज्या सामान्य बागवानास, पिंजाऱ्यास वा अत्तारास त्याच्या नावाखाली मारले गेले त्यास यांतील काहीही लाभले नाही. न्यायासनाची मंद गती ही नागरिकाची ढाल असते, हे यावरून शिकावे.

मराठीत या कालखंडावर मोलाचे लेखन झाले आहे. अनंत भालेराव यांनी हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा यांचा विस्तृत इतिहास लिहिला, नरहर कुरुंदकरांनी निजामी राज्याच्या स्वरूपाची मूलगामी चिकित्सा केली, बीडचे नरेंद्र चपळगावकर यांनी न्यायाधीशाच्या साक्षेपाने त्या लढ्याची आणि त्यातील माणसांची चित्रे रेखाटली; स्वामीजींच्या आठवणी आहेतच. या लेखनाने आम्हाला आमचा लढा परत दिला. मात्र शरणागतीनंतरच्या आठवड्यांकरिता गावोगावच्या नोंदी गोळा करण्याचे काम त्या प्रमाणात झाले नाही, आणि ते आता करणे कठीण होत चालले आहे, कारण साक्षीदारांची पिढी सरली आहे.

यावर आक्षेप घेतला जातो की असे बोलल्याने रझाकारांच्या अत्याचारांचे गांभीर्य कमी होते. मला याच्या उलट वाटते. गोरटा आणि बैरानपल्ली येथील मृतांविषयी आपला क्रोध न्यायाचा आहे हे सिद्ध व्हावयाचे असेल तर तोच क्रोध लातूरच्या मृतांविषयीही जागला पाहिजे. अन्यथा तो न्यायबुद्धीचा न राहता केवळ पक्षाचा ठरेल. आकड्यांविषयीही आक्षेप आहे, आणि तीन आठवड्यांच्या प्रवासातून काढलेला अंदाज हा अंदाजच असतो हे मान्य केले पाहिजे. परंतु सरकारने तो अमान्य करताना त्याच्या जागी गावनिहाय पंचनामा ठेवला नाही, आणि पंचनामा टाळणाऱ्याने अंदाजास नावे ठेवावीत हे न्यायास धरून नाही.

तेव्हा करावयाचे काय, याचे उत्तर आमच्या आवाक्यातील आहे. बीड जिल्ह्यातील प्रत्येक गावाने आपले १९४७-४८ चे दप्तर तपासावे. जन्ममृत्यूची नोंदवही, पाहणीपत्रके, जमिनीच्या फेरफाराचे कागद, मशिदीच्या आणि देवस्थानाच्या इनामाचे दाखले यांतून त्या वर्षात कोण नाहीसे झाले आणि कोणाची जमीन कोणाच्या नावावर गेली हे पुष्कळ अंशी उलगडू शकेल. रझाकारांनी मारलेल्यांची आणि त्यानंतर मारल्या गेलेल्यांची नावे एकाच वहीत, एकाच शाईने लिहावीत, आणि १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनानंतर ती दोन्ही वाचून दाखवावीत. यात मुक्तिसंग्रामाचा अवमान नाही. ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी प्रजेच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास पत्करला, त्यांच्या कल्पनेतील प्रजेत मुसलमान शेतकरीही होता, आणि त्याच्या मृत्यूची नोंद ठेवणे हे त्या लढ्याने स्वतःवर घेतलेले, अजून न फेडलेले कर्ज आहे. राज्याने जे मारले, मारवले आणि मरू दिले त्या तिहींचा हिशेब मागण्याचा अधिकार ज्या प्रजेने वापरला नाही, तिच्यावर पुढील सत्तांतराच्या वेळी हीच पाळी पुन्हा येऊ शकते. म्हणून हा हिशेब आजच, आपल्याच गावापासून मागितला पाहिजे.